शेवटचा शब्द कोणाच्या डोक्यावर

दातवालीशी वाद घालून आजवर कोणी जिंकलेलं नव्हतं, आणि त्यात नवल करण्यासारखं काही नाही. समोरच्याचं तोंड उघडं, तोंडात आरसा, गालात कापूस आणि जिभेखाली पाणी ओढणारी नळी. तो बिचारा वाद घालणार तरी कशाने? ती बोलत राहायची आणि खुर्चीतला माणूस "आँ, आँ" करत राहायचा. या "आँ"चा अर्थ होकार असाच घ्यायचा, हे तिने दवाखाना उघडला त्याच वर्षी ठरवून टाकलं होतं. नाटकातली पात्रं तिने अशीच गोळा केली. चष्म्याच्या दुकानाचा म्हातारा मालक कवळी बसवायला आला आणि "प्रार्थनाप्रमुख" होऊन घरी गेला. बायकोने विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, की मला वाटतं मी हो म्हणालोय.

आता हे नाटकाचं खूळ तिच्या डोक्यात शिरलं कसं, ते सांगायला हवं.

गावात ज्यू मंडळी मूठभर. कधीकाळी त्यांच्या सिनेगॉगमध्ये बसायला जागा मिळायची नाही म्हणे, म्हणजे म्हातारी माणसं तसं सांगायची. म्हाताऱ्यांच्या सांगण्यातून थोडं वजा करूनच घ्यावं लागतं. पण आता बाकं जास्त आणि बसणारे कमी, हे कोणालाही दिसत होतं. तरुण पोरं शिकली, मोठ्या शहरांत गेली, फोनवर "शब्बाथ शालोम" म्हणू लागली. आणि सामुदायिक प्रार्थनेला दहा माणसं लागतातच. दहाच्या खाली प्रत्येकाने आपापलं पुटपुटावं आणि घरी जावं. तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, उघडायची नाही, कादीश म्हणायचं नाही. कादीश म्हणजे गेलेल्या माणसासाठी त्याच्या घरच्यांनी म्हणायची प्रार्थना. गंमत अशी की तिच्यात मरणाचा एक शब्द नाही, नुसती देवाची स्तुती आहे. पण ती एकट्याने म्हणता येत नाही. दहा जणांत उभं राहून म्हणायची आणि बाकीच्यांनी "आमेन" म्हणायचं.

तर दातवालीचे वडील गेले. आणि दहावे तेच होते.

म्हणजे बघा, ज्यांच्यासाठी कादीश म्हणायचं त्यांच्या जाण्यानेच माणसं कमी पडली. बाबा असते तर यावर पोट धरून हसले असते. दातवालीलाही पहिल्यांदा हसूच आलं, आणि मग त्या हसण्याचं काय झालं ते तिचं तिला माहीत. थंडी गेली, उन्हाळा आला, तरी बाबांसाठी एकदाही कादीश झालं नाही. हे तिला रात्रंदिवस टोचत होतं, दातात अडकलेल्या शिरेसारखं. दुसऱ्यांच्या दातातली शीर काढायला तिला काहीच लागायचं नाही, पण ही निघत नव्हती.

सिनेगॉगचा कारभार काकांकडे. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, घड्याळं दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेलं, शिस्तीचा भोक्ता. दर शब्बाथला, म्हणजे शनिवारी, सकाळी काका माणसं मोजायचे, पण आकड्यांनी नाही. माणसं एक, दोन, तीन अशी मोजायची नाहीत, ते वाईट, अशी जुनी समजूत. त्यासाठी धर्मग्रंथातलं दहा शब्दांचं एक वचन आहे. देवा, तुझ्या माणसांना तार, असं काहीसं त्यात म्हटलंय, आणि शेवटी त्यांना सांभाळ सदासर्वकाळपर्यंत. एकेका डोक्यावर एकेक शब्द ठेवत जायचं. वचन पुरं झालं की माणसं पुरी. बाबा गेल्यापासून वचन नवव्या शब्दावर अडायचं. मूळ भाषेत तो नववा शब्द म्हणजे "पर्यंत". काका "पर्यंत" म्हणायचे, रिकाम्या बाकाकडे बघायचे आणि सदासर्वकाळ तोंडातच ठेवून पुस्तक मिटायचे.

"काका, मला धरा की," दातवाली एकदा म्हणाली होती. "दुसऱ्या कितीतरी ठिकाणी बायकांना धरतात."

"दुसऱ्या ठिकाणी धरत असतील. आपल्याकडे तशी पद्धत नाही."

"दार उघडायला मी चालते. बाकं पुसायला मी चालते."

"बाकं पुसायला दहा जण लागत नाहीत," काका म्हणाले.

त्यांचं तोंड उघडं होतं, पण ते दवाखान्याच्या खुर्चीत नव्हते, त्यामुळे दातवालीचा नाइलाज झाला.

दहावा माणूस नव्हताच असंही नाही. काकांचा स्वतःचा मुलगा गावातच होता. दातवालीचा दादा. विम्याचं काम करायचा आणि गावभर त्याला विमावाला म्हणायचे. माणूस देखणा, बोलघेवडा, केस मागे वळवलेले. पण सिनेगॉगची पायरी त्याने लग्नानंतर चढली नव्हती. माझा या सगळ्यावर विश्वास नाही, असं त्याने एकदा वडिलांना सांगितलं, आणि वडिलांनी पुन्हा कधी विषय काढला नाही. बापलेक एका ताटात जेवायचे, क्रिकेटवर भांडायचे, पण शब्बाथच्या सकाळी एक डावीकडे वळायचा आणि दुसरा उजवीकडे.

विमावाल्याचा विश्वास होता तो फक्त स्वतःच्या अभिनयावर. कॉलेजात त्याला बक्षीस मिळालं होतं, ते त्याने अजून बैठकीच्या खोलीत, येणाऱ्याच्या बरोबर नजरेसमोर ठेवलं होतं. दातवालीच्या डोक्यात वीज चमकली ती तिथेच, त्या बक्षिसाकडे बघत चहा पिताना. हा माणूस देवासाठी येणार नाही. पण मुख्य भूमिकेसाठी आला नाही तर नाव बदलीन!

तिने धडाक्यात नाटक लिहून काढलं. गोष्ट त्यांचीच: नऊ म्हातारे दहावा माणूस शोधत गावभर हिंडतात. पोस्टमनला ओढून आणतात, तो निघतो दुसऱ्याच धर्माचा. बागेत झोपलेल्या माणसाला उचलून आणतात, तो जागा होऊन पोलीस बोलावतो. शेवटी सिनेगॉगचा गळका नळ दुरुस्त करायला प्लंबर येतो आणि तोच आपल्यातला निघतो. प्लंबर म्हणजे विमावाला. नऊ म्हातारे म्हणजे प्रार्थनेला येणारे खरेखुरे नऊ म्हातारे. म्हणजे तालमीला दहा जण आपोआप एका खोलीत! तालीम संपली की काकांना हळूच म्हणायचं, काका, आता दहा आहेत, उरकून घ्या. बेत असा चोख होता, की तिने स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

काका सुरुवातीला ऐकेनात. देवाच्या घरावर विनोद? म्हणून दातवालीने प्रार्थनाप्रमुखाचं काम चष्मेवाल्याला दिलं आणि तालमी मुद्दाम काकांच्या शेजारच्या खोलीत ठेवल्या. चष्मेवाला सुरात गायचा नाही. तसा तो बोलायचाही नाही सुरात. भिंतीपलीकडे काकांनी तीन संध्याकाळ दम धरला. चौथ्या संध्याकाळी ते चष्मा कपाळावर चढवून आत आले, "बंद करा ते रेकणं" म्हणाले आणि चष्मेवाल्याच्या हातातले कागद काढून घेतले. काकू मागोमाग आल्या, पुढ्यात खुर्ची ओढून बसल्या आणि चुकलेल्याला ओळ सांगायचं काम त्यांनी आपणहून घेतलं. संसारात नवऱ्याला पुढची ओळ त्याच सांगत आल्या होत्या, त्यामुळे हे काम त्यांना नवीन नव्हतं.

काकांच्या दोन अटी. एक, नाटकात देवाचं खरं नाव घ्यायचं नाही. त्या जागी "मालक" म्हणायचं. मग काय, "हे मालका, तू थोर आहेस, तुझी कृपा असू दे" असं नऊ म्हातारे एका सुरात म्हणू लागले, आणि वरच्या मजल्यावरच्या घरमालकाने कौतुकाने खाली डोकावून पाहिलं. दुसरी अट, नाटकात कादीश येणार नाही. "ते खोटं खोटं म्हणायचं नसतं," काका म्हणाले. दातवालीने मान डोलावली. तिला ते खरंच म्हणायला हवं होतं.

पहिल्या पूर्ण तालमीला दहाही जण आले. विमावाला प्लंबरची पिशवी खांद्याला लावून असा काही आत शिरला, की म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. तालीम संपली. दातवाली काकांपाशी गेली.

"काका, आता सगळे आहेत. बाबांसाठी तेवढं..."

काकांनी खोलीभर नजर फिरवली. त्यांच्याही चेहऱ्यावर काहीतरी हललं, हे तिने नीट पाहिलं. पण विमावाला पिशवी खाली ठेवून म्हणाला, "एक मिनिट. हे असं होतं होय? मी नाटकाला आलोय. मला फसवून प्रार्थनेला उभं करायचं नाही."

"दादा, पाच मिनिटांचं काम आहे. माझ्या बाबांसाठी."

"मोठ्या काकांवर, तुझ्या बाबांवर, माझा जीव होता, तुला माहीत आहे. पण न मानता नुसता बुजगावण्यासारखा उभा राहिलो, तर तो त्यांचाच अपमान."

दातवालीला राग आला, आणि त्याचं म्हणणं थोडं पटलं म्हणून आणखीच आला. ती काकांकडे वळली. वाटलं, बाप आहे, कान धरेल.

"जाऊ दे त्याला," काका म्हणाले. "ज्याला उभं राहायचं नाही त्याला धरून ठेवायला आपण काय कोंडवाडा काढलाय? उभं राहायची इच्छा असेल तोच मोजायचा."

विमावाला गेला. म्हातारे टोप्या चाचपत घरी गेले. दातवालीने खुर्च्या एकावर एक रचल्या आणि त्या दिवशी रिकाम्या खोलीत ती मनसोक्त रडली. मग डोळे पुसून प्रयोगाची तिकिटं वाटायला लागली, कारण निम्मी तिकिटं तिने आधीच पेशंटांच्या गळ्यात मारली होती.

प्रयोग रविवारी संध्याकाळी, शाळेच्या सभागृहात. त्याच दुपारी विमावाला गाल धरून दवाखान्यात हजर. अक्कलदाढ गेलं वर्षभर कुरकुरत होती, पण बहिणीच्या खुर्चीत बसायची त्याची छाती होत नव्हती. आज दुखणं डोक्यात गेलं होतं.

"तेवढं दुखणं थांबव. संध्याकाळी माझा प्रवेश आहे."

दातवालीने इंजेक्शन दिलं. थोडं जास्तच दिलं म्हणा, कारण तिला प्रयोगाची काळजी होती. दुखणं थांबलं. त्याबरोबर डावा गाल, अर्धी जीभ आणि अर्धा ओठही थांबला. विमावाल्याने आरशात पाहून हसायचा प्रयत्न केला; उजवी बाजू हसली, डावी तशीच लोंबत राहिली.

"अगं, हे काय केलंथ!" तो ओरडला. "या तोंदाने मी थ्तेजवर जाऊ?"

"उतरेल रे दोन तासांत."

"उतरेल तेव्हा उतरेल. मी प्रेक्षकांत बथतो!" आणि गालाला रुमाल लावून तो निघूनही गेला.

आता प्लंबर कोण? संवाद पाठ असलेली दुसरी व्यक्ती एकच, ज्या बाईने ते लिहिले ती. दातवालीने प्लंबरचे कपडे चढवले, केस टोपीत कोंबले आणि मिशी चिकटवायला गेली, तर गोंदाची बाटली वाळलेली. हाताशी कवळी चिकटवायची पेस्ट होती, तीच तिने लावली. एवढी शिकलेली बाई, पण ती पेस्ट ओल्या तोंडात धरते, कोरड्या ओठावर नाही, हे तिला घाईत आठवलं नाही.

सभागृह भरलं होतं. शेजारीपाजारी, पेशंट, शाळेतले शिक्षक, गावातली पाचसहा ज्यू कुटुंबं. पोस्टमनच्या प्रवेशाला लोक हसले, बागेतल्या माणसाच्या प्रवेशाला खुर्च्या वाजल्या. चष्मेवाला दोन ओळी विसरला, काकूंनी त्या विंगेतून इतक्या खणखणीत सांगितल्या की टाळी काकूंनाच मिळाली. आणि मग शेवटचा प्रवेश. दातवाली पिशवी खांद्याला लावून आत आली.

"नळ कुठे गळतोय?"

"नळ राहू दे," काका म्हणाले. "डोक्यावर टोपी आहे ना? मग उभा राहा इथे."

हशा. नऊ म्हातारे ओळीत, शेवटी प्लंबर. काका डोक्यांवर हात धरत, एकेक शब्द म्हणत निघाले. स्वतःच्या छातीवर एक, मग पुढे एकेक. चष्मेवाल्याशी "पर्यंत" आलं. काकांचा हात दातवालीकडे वळला आणि त्याच क्षणी तिची मिशी एका बाजूने सुटली, गालावरून घसरली आणि टपकन काकांच्या बुटावर पडली.

सभागृह कोसळलं. पुढच्या रांगेतल्या एका बाई हसता हसता खुर्चीवरून सरकल्या. आता काकांनी "मिळाला, मिळाला" ओरडायचं आणि पडदा. पण काका ओरडेनात. त्यांचा हात हवेतच थांबला होता. ते बुटावरच्या मिशीकडे बघत होते, मग भावाच्या मुलीच्या चेहऱ्याकडे.

"मिळाला, मिळाला!" काकूंनी विंगेतून सांगितलं.



"अहो, मिळाला!" काकू ओरडल्या. लोक आणखी हसले. दातवालीला वाटलं, संपलं, काका आता चिडून निघून जाणार.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेत कोणीतरी उभं राहिलं. गालाला रुमाल, डावा ओठ लोंबता. विमावाला.

"बाबा," तो म्हणाला, जमेल तेवढं स्पष्ट. "मी आहे इथे. मी येतो. मोठ्या काकांथाठी."

लोकांना तोही नाटकाचाच भाग वाटला. कोणीतरी टाळीसुद्धा वाजवली. पण म्हातारे हसले नाहीत. काकांनी मुलाकडे पाहिलं. इतकी वर्षं वाट पाहिलेला माणूस समोर उभा होता, आणि तोही आपल्या पायांनी उठलेला. आता त्याला मोजायचं, वचन पुरं करायचं, पद्धत सांभाळायची. सगळं कसं नीट जुळत होतं. दातवालीने एक पाऊल मागे घेतलं, त्याला जागा करून द्यायला.

"तू कुठे निघालीस?" काका म्हणाले.

"दादा आलाय ना, काका."

"येऊ दे त्याला. तू हलू नकोस." काकांनी हात खाली आणला आणि तिच्या डोक्यावरच्या प्लंबरच्या टोपीवर ठेवला. "भाऊ गेल्यापासून मी दहावं माणूस शोधतोय. दर शब्बाथला तुझ्यावरून नजर फिरवतो आणि पुढे शोधतो. दार उघडायला तू, बाकं पुसायला तू, ह्या सगळ्यांना नाटकाच्या नावाखाली एका खोलीत बसवलं तेही तूच. उभं राहायची इच्छा म्हणजे आणखी काय असतं?"

"अहो," चष्मेवाला शेजारून कुजबुजला, "हे नाटकात नाहीये. आणि ती बाईमाणूस आहे."

"मला माहीत आहे. तिचं नाव ठेवायला मीच होतो."

आणि काकांनी दहावा शब्द म्हटला. नाटकातल्या आवाजात नाही, शब्बाथच्या आवाजात. मग तिसऱ्या रांगेकडे बघून ते म्हणाले, "ये रे तू पण. दहा झाले. तू अकरावा."

विमावाला पायऱ्या चढून वर आला आणि बहिणीच्या मागे उभा राहिला.

"म्हण," काकांनी तिला सांगितलं. "तुझ्या बाबांसाठी."

ज्या बाईने अख्ख्या गावाला बोलू दिलं नव्हतं, तिला आवाज फुटेना. मग फुटला. पहिले शब्द चाचपडत आले, पुढचे आपले आपण आले. इतके दिवस ते तिथेच, घशाशी थांबलेले होते. जिथे थांबायचं तिथे ती थांबली, आणि मागून "आमेन" आलं, काकांचं, चष्मेवाल्याचं, विंगेतून काकूंचं, दादाचं अर्ध्या तोंडाचं. पुढच्या वेळी सभागृहातूनही आलं. ज्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, तेही म्हणाले, कारण ते म्हणायचं असतं एवढं त्यांना कळलं होतं. दातवाली रडत होती आणि म्हणत होती. दोन्ही एकदम करता येतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

ते संपलं. आणि मग शाळेच्या मुख्याध्यापकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सगळं सभागृह उभं राहिलं.

"कादीशला टाळ्या?" काका लालबुंद झाले. "ह्यांना काही अक्कल?"

"त्यांना काय माहीत! वाका जरा," काकूंनी विंगेतून ओळ सांगितली. काका वाकले. टाळ्या वाढल्या तेव्हा आणखी एकदा वाकले, आणि तिसऱ्यांदा वाकताना त्यांना कोणी सांगावं लागलं नाही.

पुढच्या शब्बाथला सकाळी दातवाली नेहमीसारखीच निघाली, म्हणजे उशिरा. दार उघडून बाकं पुसायचं काम ती आदल्या संध्याकाळीच उरकायची आणि किल्ली काकांकडे द्यायची. शब्बाथला ती सावकाश उठायची, सावकाश चालायची आणि सगळ्यांच्या शेवटी मागच्या बाकावर जाऊन बसायची. ती आली काय आणि न आली काय, तिथे आजवर कोणाचं काही अडलं नव्हतं. दादा काही दिसला नाही. अकरावा माणूस बहुतेक अजून अंथरुणात होता.

कोपऱ्यावर वळली तर सिनेगॉगच्या पायऱ्यांवर काका उभे. त्यांच्यामागे चष्मेवाला, त्याच्यामागे बाकीचे, सगळे रस्त्याकडे डोळे लावून. तिला पाहताच काकांनी दोन्ही हात वर केले.

"अगं, काही वेळेचं भान?" ते रस्त्यावरच ओरडले. "केव्हापासून ताटकळलोय सगळे! म्हातारी माणसं आम्ही, उभं राहून पाय दुखायला लागले. तुझ्यावाचून सुरू करता येत नाही, एवढंही कळत नाही तुला?"

असं ऐकून घ्यायला दातवालीला इतकं बरं वाटेल, हे तिला कोणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

"आले, काका, आले," ती म्हणाली आणि भर रस्त्यात, या वयात, चक्क पळत सुटली.